सासऱ्यांची विडी सोडवताना : सहाय्यकांसाठी मार्गदर्शिका

विडी सोडू पाहणाऱ्यांसाठी पुस्तिका पुष्कळ आहेत. त्यांच्या अवतीभवतीच्या माणसांनी कसे वागावे, यावर मात्र माझ्या पाहण्यात एक चिटोरेही नाही. विडी माणूस एकटा ओढतो; सोडायला लागला की अख्खी आळी कामाला लागते, आणि निम्मा घोळ आळीच घालते. म्हणून हा प्रपंच.

यात विडी सोडणाऱ्या इसमास ‘लाभार्थी’ आणि त्याला मदत करणाऱ्या सर्वांस ‘सहाय्यक’ म्हटले आहे. उदाहरणादाखल वारंवार येणारे लाभार्थी हे माझे सासरे. एसटीत कंडक्टर होते, रत्नागिरी आगारातूनच निवृत्त झाले. त्यांच्यावर लिहायची परवानगी मी रीतसर मागितली. “सिगारेट लिहू नकोस, विडीच लिही,” एवढ्या एका अटीवर ती मिळाली.

नियम पहिला : लाभार्थी विडी ओढतो, हे घरातल्यांनी मान्य करावे.

वाचणाऱ्याला हा नियम पोरकट वाटेल. पण तो वाचणारा आमच्या घरात राहिलेला नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून मामंजी विडी ओढत नव्हते. फक्त पंप बघायला जात होते. पोफळींच्या पलीकडे विहिरीवर पंप आहे. सकाळी चहा झाला की पंप, जेवण झालं की पंप, बातम्या संपल्या की पंप. वीज गेलेली असतानाही ते पंप चालू आहे का बघायला जात. परत येताना तोंडात लवंग, हातात उगाच एखादी सुपारी. विड्यांचा कट्टा पडवीच्या वाशात, काडीपेटी मीटरच्या पेटीमागे, आणि पंपाशेजारी राखेने भरलेली एक करवंटी. ती करवंटी घरातल्या प्रत्येकाने पाहिली होती आणि कोणीही पाहिलेली नव्हती.

सासूबाई म्हणत, “ह्यांचा घसाच पहिल्यापासून नाजूक.” डॉक्टरांनी विचारलं, “काही ओढता का?” मी शेजारी उभी. मामंजी म्हणाले, “छे!” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. सुनेने सासऱ्याला खोटं कसं पाडायचं? मी खिडकीबाहेर पाहिलं. खोकल्याचं औषध घेऊन आम्ही घरी आलो आणि मामंजी पंप बघायला गेले.

इथेच सगळं अडतं. जी विडी कोणी ओढतच नाही, ती सोडवणार कशी? सुनेपुढे ओढायची नाही, ही त्यांची अदब. दिसलं तरी बोलायचं नाही, ही आमची. अशा दुहेरी अदबीत विडी चाळीस-चाळीस वर्षं सुखाने नांदते. मग कोणी तरी मोठ्याने बोलावं लागतं. घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर त्याच्यावर विसंबावे. आमच्याकडे पाहुण्यांसमोर, पोह्यांच्या बशा हातात असताना, नातवाने विचारलं, “आजोबा, पंप पण विडी ओढतो का? तिकडून आलात की तुम्हाला वास येतो.” सासूबाईंनी पोह्यांवर आणखी खोबरं घातलं. पण फुटलं ते फुटलंच.

नियम दुसरा : मुहूर्त.

निर्णय आणि प्रत्यक्ष दिवस यांत फार तर दोन आठवडे ठेवावेत. कमी ठेवले तर तयारी होत नाही, जास्त ठेवले तर निर्णयच सादळतो. कोणता दिवस धरावा, हे रत्नागिरीत पंचांगापेक्षा हवामानावर ठरतं. शिमग्यात पालखीबरोबर रात्र-रात्र बाहेर, तेव्हा नाही. एप्रिल-मेमध्ये वाशीहून आंब्याच्या पेटीचा भाव कळला की धडधाकट माणसालाही काहीतरी पेटवावंसं वाटतं, तेव्हा तर नाहीच. गणपतीत चाकरमानी येतात आणि खिशातून मुंबईची पाकिटं काढून आग्रह करतात. उरतो जून. ३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिवस. १ जूनपासून मासेमारी बंद होते आणि मिरकरवाड्याच्या बोटी, मालकाची इच्छा असो-नसो, बंदरात उभ्या राहतात. त्यानंतर पाऊस. एकदा तो लागला की काडी पेटत नाही, विडी ओढली जात नाही, पोफळीतल्या पायवाटेवर शेवाळ धरतं, आणि चिखल तुडवत पंप बघायला जाण्याचं कारण सांगणं कंडक्टरलाही जड जातं.

नियम तिसरा : नोंद ठेवणे. दिवस उजाडण्यापूर्वी आठवडाभर प्रत्येक विडी लिहून काढावी. किती वाजता, कुठे, कशावर. मामंजींनी हे काम कंडक्टरच्या वेबिलाच्या शिस्तीने केलं. रकाने आखले, वेळ घातली, ‘चहा’, ‘जेवण’, ‘शेजाऱ्यांशी वाद’ असे टप्पे घातले, रोज रात्री बेरीज मारून खाली सही केली. पहिली विडी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, असं त्यात निघालं. हे सवय खोल मुरल्याचं लक्षण समजतात. दुसरं निघालं ते असं, की बहुतेक नोंदींच्या पुढे ठिकाण एकच होतं.

नियम चौथा : सहाय्यकांची निवड. याला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण सहाय्यक आपण निवडत नाही, ते आपोआप उगवतात.

आत्या आल्या. समोर बसून तंबाखूने शरीराचं काय होतं, ते अवयववार सांगितलं. सांगताना उजव्या हाताच्या तर्जनीवर मशेरी. “ही तंबाखू नव्हे हो, ही दात घासायची!” आत्यांना दोष देऊन उपयोग नाही, अख्खा महाराष्ट्र त्यांच्या बाजूचा आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले धूर काढणारे प्रौढ निघाले ३.८ टक्के, आणि तंबाखू चघळणारे, मळणारे, घासणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे विडी सोडवायला येणाऱ्याच्या तोंडात आधी डोकावून बघावे. मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे. तिने दात स्वच्छ होत नाहीत, फक्त सोडवत नाही.

“आमचे आजोबा शेवटपर्यंत ओढत होते, गेले ते माडावरून पडून,” असं सांगणाऱ्यास चहा देऊन फाटकापर्यंत पोचवावे.

मारुती मंदिराच्या भाजीवाल्यांपुढे “काय मास्तर, सुटली का?” असं रोज ओरडून विचारणाऱ्यास चहाही देऊ नये.

शपथ घालणाऱ्यांपासून सर्वाधिक सावध राहावे. सासूबाईंनी पूर्वी एकदा स्वतःची घातली होती. कोणालाही न सांगता, अर्थात, कारण मामंजी ओढतच नव्हते. शपथेने विडी सुटत नाही, ती लपते. एखादी चुकून ओढली गेली की माणूस ती सांगणार कशी? बायकोच्या जिवावर शपथ आहे! मग पुन्हा वासा, पुन्हा मीटरची पेटी. नातवाची शपथ तर मुळीच घालू देऊ नये. पोराने काय घोडं मारलंय?

त्यापेक्षा गाऱ्हाणं बरं. हे मी थट्टेने सुरू केलं, पण लिहिता लिहिता मला ते पटत चाललं आहे. कोकणात कोणतंही मोठं काम काढलं की आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. आमच्या वाडीतल्या जाणत्यांनी अंगणात नारळ ठेवला आणि भैरीबुवाला साद घातली : “बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराची जी काय विडी हाय, ती ह्या पावसात सुटू दे रे म्हाराजा!” जमलेले म्हणाले, “व्हय म्हाराजा!” “आनि जो कोन त्याला विडी पुढं करील, त्याची काडीपेटी भिजू दे रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” हे दुसरं ‘व्हय’ जरा पडेल आलं. कारण म्हणणाऱ्यांत विडी पुढे करणारे चौघेही उभे होते. पण म्हटलं ते म्हटलं. शपथ एकट्याला बांधते, गाऱ्हाणं चारचौघांना. त्या दिवसापासून त्या चौघांपैकी एकानेही मामंजींसमोर कट्टा काढला नाही. तज्ज्ञ मंडळी ‘सामाजिक आधार’ म्हणतात तो हाच, फक्त नारळ नसतो.

सहाय्यकांतला सर्वांत कामाचा माणूस नात्यातला निघत नाही. तो टपरीवाला. त्याला सर्वांच्या आधी सांगावे. आम्ही गेलो तेव्हा त्याने एक शब्द न बोलता उधारीच्या वहीतलं मामंजींचं पान काढून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, “आता आलात की लिमलेटच्या गोळ्या घ्यायच्या, काका. बसायला नाही कुठे म्हणतोय मी?” धंद्याचं नुकसान ज्याचं, तोच एकटा उपदेश न करता बोलला. सुटी विडी-सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२०पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे रत्नागिरीकरांना मी काय सांगू? तोटा असा, की सुटी घेणाऱ्याला पाकिटावरचं भीषण चित्र दिसत नाही आणि त्यावर छापलेला मदतीचा नंबरही दिसत नाही.

नियम पाचवा : जागा बदलावी. इंग्रजांचा या उपायावर फार विश्वास. १८८६मध्ये त्यांनी मंडालेचा थिबा राजा उचलून रत्नागिरीत आणून ठेवला आणि १९०८मध्ये रत्नागिरीत जन्मलेले टिळक उचलून मंडालेला नेले. टिळक १९१४ला सुटले, १९१६ला होमरूल लीग काढून मोकळे. पक्की सवय नुसत्या बोटीच्या प्रवासाने जात नाही. मामंजींनाही डोंबिवलीला लेकीकडे पाठवावं असं निघालं होतं. मी म्हटलं, माणूस हलवण्यापेक्षा बटण हलवा. वायरमन बोलावला आणि पंपाचा स्टार्टर पडवीत आणून बसवला. संपूर्ण मोहिमेत अक्कल लावून केलेलं काम हे एकच. वासा झाडला, मीटरच्या पेटीमागे हात घातला, करवंटी बंबात टाकली.

नियम सहावा : पहिले तीन दिवस. हे सर्वांत वाईट. लाभार्थी भांड्यांच्या आवाजावरून, पावसावरून, सुनेच्या चालण्यावरून भडकेल. ते बोलणं निकोटिनचं समजावं आणि सोडून द्यावं. दोन-चार आठवड्यांत ओसरतं. एकेक तल्लफ मात्र काही मिनिटांचीच पाहुणी असते. तेवढा वेळ काढायचा : थांबायचं, पाणी प्यायचं, लांब श्वास घ्यायचे, हाताला काम द्यायचं. मामंजींनी त्या महिन्यात फणसाच्या इतक्या आठळ्या सोलल्या की आम्ही गणपतीपर्यंत उसळ खाल्ली.

डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंगम घेतलं असेल तर ते सुपारीसारखं चघळत बसू नये. थोडं चावावं, झणझणलं की गालात दाबून ठेवावं, पुन्हा थोडं चावावं. आणि इथे आमच्या जिल्ह्यापुरती खास सूचना : त्याच्या आधी पाव तास आणि ते तोंडात असताना कोकम सरबत, सोलकढी बंद. आंबटाने निकोटिन नीट शोषलं जात नाही. पाहुणा आला की सरबत पुढे करणाऱ्या सासूबाईंना हे पटवायला मला च्युइंगमच्या डबीतला कागद वाचून दाखवावा लागला.

चहा निम्मा करावा. विडीच्या धुरामुळे शरीर चहातलं कॅफीन झपाट्याने निकालात काढत असतं. धूर थांबला की तोच चहा अंगात जास्त वेळ रेंगाळतो, मग धडधडतं, झोप येत नाही, आणि खापर विडी सोडण्यावर फुटतं.

सकाळी पोट साफ होईना, तर घाबरू नये. पपई, पाणी, चालणं. यापेक्षा अधिक सुनेने लिहू नये.

नियम सातवा : चुकून एखादी ओढली गेली तर. बारशाला गेलेले मामंजी परत आले ते लवंग न चघळता. पडवीत उभे राहून माझ्याकडे बघत म्हणाले, “आज एक विडी ओढली.” इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यासमोर ‘विडी’ हा शब्द तेव्हा पहिल्यांदा उच्चारला. त्यावर “आम्हाला माहीतच होतं” म्हणणाऱ्या सहाय्यकाला तिथल्या तिथे बडतर्फ करावे. वेबिलात नोंद केली, सही झाली, दुसऱ्या दिवसापासून गाडी पुढे.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली, म्हणून ती नियमांत बसलेली नाही. विडी सुटल्यावरही ते अस्वस्थ असायचे, भर पावसात छत्री घेऊन मागच्या दाराशी जाऊन परत यायचे. सात माणसांच्या घरात, जन्मभर भरलेल्या गाडीत उभं राहिलेल्या माणसाला, पंप ही एकच जागा होती जिथे “कुठे चाललात?” असं कोणी विचारत नसे. विडी काढून घेताना आम्ही ती जागाही काढून घेतली होती. मग पडवीच्या टोकाला एक खुर्ची टाकली. तिथे बसलेल्या माणसाला चहा विचारायचा नाही, पेपर मागायचा नाही, नातवाने जायचं नाही. मदत करणाऱ्यांनी ही खुर्ची आधीच टाकून ठेवावी. आम्ही टाकली तेव्हा श्रावण उजाडला होता.

शंका उरल्यास शासनाचा मोफत क्रमांक आहे, १८००-११-२३५६. सकाळी आठ ते रात्री आठ. सोमवारी तो बंद असतो. सोमवारी आमच्याकडे यावे. मामंजी त्या खुर्चीवरून मार्गदर्शन करतात, पण जेवणाच्या आत सुटका होईल याची हमी नाही.