ओक सरांचे मार्क

ज्या गेममध्ये कोणी कोणाला मारत नाही, त्यात आपलीही अब्रू शाबूत राहील, अशा भाबड्या समजुतीने मी तो रिमोट हातात घेतला. गेमचे नाव ‘पोकेमॉन स्नॅप’. 1999 साली निन्टेन्डो 64 साठी निघाला, 2022 पासून स्विचवरही मिळतो. बंदूक नाही, तलवार नाही. बेटावर गाडीतून हिंडायचे आणि प्राण्यांचे फोटो काढायचे. न्यू जर्सीहून सुटीला आलेली माझ्या भाचीची सहा वर्षांची लेक तो खेळत होती. मी पडलो ताडोबाचा वारकरी. मोहर्ली गेटवरचे गाईड मला ओळखतात, आणि ओळखूनच दुसऱ्या जिप्सीत बसतात. शिवाय कॅमेरा क्लबचा जुना सभासद. म्हटले, “सरक जरा. फोटो कसा काढतात ते दाखवतो.”

“मामाआजोबा, फिल्म जपून वापरा हं.”

एका फेरीला फक्त 60 फोटो! आणि मी डिजिटलवर सोकावलेला. बटण दाबले की बोट उचलायचे विसरतो. सुरुवातीलाच पिजी नावाचा पक्षी दिसला आणि पिजीतच फिल्म आटोपली. ताडोबातही वाघ रस्त्यावर येतो तेव्हा माझे कार्ड मोरांनी भरलेले असते.

पुढच्या खेपेला संयम पाळला, तर ती झिरो-वन नावाची गाडी थांबेना. तिचा रस्ता ठरलेला, वेग ठरलेला. “ओ दादा, जरा मागे घ्या की,” असे मी खरोखरच म्हणालो. चांगल्या उजेडाची वाटही पाहिली. गेममधला सूर्य जागचा हलला नाही, गाडी मात्र निघून गेली.

तरी एक पिकाचू असा मिळाला की काय सांगू! डाव्या बाजूला तो, पुढे मोकळी जागा, मागे समुद्र. ‘रूल ऑफ थर्ड्स’चा वस्तुपाठ. या विषयावर मी क्लबात व्याख्यान दिलेले आहे (श्रोते कमी होते, पाऊस होता). फेरी संपली की फोटो प्रोफेसर ओकांना दाखवायचे. ओक म्हटल्यावर मी निर्धास्त झालो. आपल्याच पेठेतले निघाले. मार्क देण्याची पद्धतही पेठेतलीच होती. प्राणी किती मोठा दिसतो, त्याचे मार्क. त्याच्या पोझचे मार्क. आणि तो बरोबर मधोमध असेल तर मार्क दुप्पट. मधोमध! पासपोर्टच्या फोटोसारखा! मी टीव्हीला कंपोझिशन समजावून सांगू लागलो. सर बधले नाहीत.

नातीचा पिकाचू मधोमध होता, चांगला मोठा होता आणि वर सर्फबोर्डवर उभा होता. सफरचंदे टाकत टाकत तिने त्याला वाळूवरून त्या फळीपर्यंत नेले होते. इथे मी तिला पकडले. “जंगलात प्राण्यांना खायला घालायचे नसते. दंड होतो.” त्यावर तिने मला चारमेलियनला चेंडू मारून लाव्हात पाडायची युक्ती शिकवली. मी हादरलो. हा म्हणे अहिंसक गेम! पण त्या लाव्हातून चारिझार्ड होऊन प्राणी ठणठणीत वर येतो, आधीपेक्षा थोराड. आपल्याकडे अग्निदिव्य करून एवढी बढती कोणाला मिळाल्याचे ऐकिवात नाही.

मग एक स्नोरलॅक्स सापडला. ऐसपैस, गाढ झोपलेला, म्हणजे अगदी माझ्या आवाक्यातला विषय. भरपूर फोटो काढले. मार्क फुटकळ. बासरी वाजवली की तो उठून नाचतो आणि फोटो काढायचा तो तेव्हा. “झोपलेले काय, तुम्हीपण असता,” नात म्हणाली.

खरी कसोटी पुढे होती. ओक सर प्रत्येक प्राण्याचा एकच फोटो घेतात, आणि तो आपण निवडून द्यायचा. मी जन्मात फोटो पुसलेला नाही. माझ्या हार्ड डिस्कवर एका नीलगाईचे बसणे, उठणे आणि पुन्हा बसणे सविस्तर नोंदलेले आहे. मी चष्मा पुसत दोन पिजींची तुलना करत होतो, तोवर ती “हा नको, हा नको, हा” करून मोकळी. गेममध्ये एकूण 63 पोकेमॉन आहेत. बहुतेक सगळे तिच्या अल्बमात होते. 1999 मध्ये अमेरिकेतली मुले गेमचे कार्ट्रिज घेऊन ब्लॉकबस्टरच्या व्हिडिओ दुकानात जात आणि आपल्या फोटोंचे स्टिकर छापून आणत. माझा फोटो छापण्याचे धाडस अजून क्लबाच्या वार्षिक प्रदर्शनानेही केलेले नाही.

शेवटी लाज राखायला मी लॅपटॉप उघडून माझा वाघ काढला.

“कुठाय?”

“तो बांबूमागे. शेपूट दिसतंय बघ.”

तिने ओकांच्याच सुरात निकाल दिला: लहान आहे, पाठमोरा आहे, मधोमध नाही. एकाही मुद्द्यावर मला अपील करता आले नाही. प्राणी जवळ येत नाही तोवरच कंपोझिशनच्या गप्पा खपतात, हे त्या पोरीला रूल ऑफ थर्ड्स न शिकताच कळले होते.

सहा-सात वर्षांच्या मुलांना हा गेम बिनघोर द्यावा. रक्त नाही, रडारड नाही. फक्त घरात टेलिफोटो लेन्स बाळगणारे कोणी वडीलधारे असतील, तर तेवढा वेळ त्यांना दूध आणायला पाठवा.