चौदाचे एकवीस

बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीला भाच्याकडे चार दिवस राहून आलो. त्याच्या बाल्कनीतून विमानं उतरताना दिसतात. भाचा घरात बसून शेअर उतरताना बघतो.

सव्वानऊला बाजार उघडला आणि थोड्याच वेळात त्याच्या चार्टवर आरएसआय या निर्देशकाची रेघ सत्तरच्या वर गेली. म्हणजे खरेदी अती झाली, सांभाळा. हा आदल्याच दिवशी शेअर घेऊन बसलेला. "मामा, सेटिंग चुकलंय," म्हणाला आणि चौदा दिवसांचे एकवीस केले. मुदत लांबवली की रेघ सुस्तावते. ती मुकाट सत्तरच्या खाली आली. दुपारी भाव पडला. आता एकवीसचे पाच केले. मुदत आखडली की रेघ पिसाळते. ती तिसाच्याही खाली बुडाली. "बघा, स्वस्तात मिळतोय, आणखी घेतो." रेघ काय, सांगाल तिथे झोपते.

हा आरएसआय वेल्स वाइल्डर नावाच्या अमेरिकनाने १९७८ साली पुस्तकात मांडला. गडी मूळचा मेकॅनिकल इंजिनिअर, मग जमिनींच्या व्यवहारात, मग बाजारात. देवनहळ्ळीत सहज खपला असता. त्याचं गणित साधं: गेल्या चौदा दिवसांतले सरासरी चढ भागिले सरासरी उतार, आणि तो भागाकार शून्य ते शंभरात बसवायचा. सगळा माल होऊन गेलेल्या भावांचा. भाच्याने शेजारी एमएसीडी आणि बोलिंजर बँड हे निर्देशकही लावलेत. तेही त्याच भावांतून निघतात. एकाच माणसाला तीनदा विचारायचं आणि तिघांचं एकमत झालं म्हणायचं!

सेटिंगचा वाद आपल्याला नवा नाही. टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांचं राशीचक्र कुठून मोजायचं यावरून, म्हणजे अयनांशावरून, जमत नाही, त्यामुळे एखाद्या वर्षी टिळक पंचांगवाल्यांचे गणपती महिनाभर आधी बसतात. पण मोदक बिघडले म्हणून कुणी दुपारून पंचांग बदलत नाही.

आणि याच देवनहळ्ळी तालुक्यातले शेतकरी बघा. चन्नरायपट्टण भागातली १,७७७ एकर जमीन एरोस्पेस पार्कसाठी घेण्याचा घाट होता. शेतकरी तीन वर्षांहून जास्त काळ 'देणार नाही' या एकाच सेटिंगवर बसले. जुलै २०२५ मध्ये सरकारनेच माघार घेतली.

आता पुन्हा बाजाराकडे. त्यावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये हिशेब जाहीर केला: २०२१-२२ पासूनच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. हे भाच्याला दाखवलं. "त्यांनी डिफॉल्ट सेटिंग ठेवलं असणार, मामा."

भाच्याचे शेअर अजून तसेच पडून आहेत. कुणाला हवे असल्यास कळवा. आरएसआय पाचवर ठेवून बघा, स्वस्त वाटतील.