नौपाडा ते माथेरान : हिरव्या प्रवासाचे कडक नियम

पर्यावरणस्नेही प्रवासाची सुरुवात खरेदीने करावी. घरात स्टीलच्या सात बाटल्या असतील, पण कुणाच्या तरी मुंजीत मिळालेल्या बाटलीने पृथ्वी वाचत नाही. हिरवं पान छापलेली नवी बाटली, बांबूचा टूथब्रश आणि गोणपाटाची पिशवी ऑनलाइन मागवावी. तिन्ही वस्तू तीन दिवशी, तीन खोक्यांतून, प्लास्टिकच्या फुग्यांत गुंडाळून येतील. फुगे मुलांना फोडायला द्यावेत. याला पुनर्वापर म्हणतात. साडीच्या दुकानातून मिळालेली ती कापडासारखी दिसणारी नॉनवोव्हन पिशवी मात्र नेऊ नये. ती प्लास्टिकचीच असते, हे बरोबरच्या मंडळींपैकी एकाला नेमकं ठाऊक असतं.

ठिकाण माथेरानच निवडावं. एक तर ते आपल्या ठाणेकरांच्या घरचं. 1850 साली ते ‘शोधून’ काढलं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी. (ते हरवलं होतं, हे तिथल्या ठाकर-धनगरांना कुणी कळवलं नव्हतं.) शिवाय गावात मोटारींना बंदी. 2003 साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, त्यामुळे आपण करायचा संयम सरकारनेच करून ठेवलाय.

मोटारबंदीच्या गावाला मोटारीने जाण्याची पद्धत आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात सर्वमान्य आहे. गाडी दस्तुरी नाक्यापर्यंत जाते. घाटभर एसी चालू ठेवावा, पार्किंगसाठी इंजिन चालू ठेवून ताटकळावं आणि नाका ओलांडताच दीर्घ श्वास घेऊन म्हणावं, “हवा बघा काय शुद्ध आहे!” हे वाक्य सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसह टाकावं.

कर्मठांसाठी लोकल आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली होती, तेव्हा ठाणेकराने रेल्वेचा कमीपणा वाटून घेऊ नये. गोखले रोडवरून स्टेशनला चालतच जावं. एवढ्या जवळ रिक्षावाला येतच नाही, म्हणून हा नियम आपोआप पाळला जातो. मग कर्जत लोकल. माणशी धूर इथे सगळ्यात कमी, कारण माणशी जागाच सगळ्यात कमी. डोंबिवलीपर्यंत एका पायावर उभं राहिल्यास आणखी बचत होत असावी. नेरळला उतरून आदमजी पीरभॉय कुटुंबाने 1907 साली सुरू केलेली छोटी गाडी मिळाली तर नशीब. पावसाळ्यात ती नेरळहून सुटत नाही, फक्त अमन लॉज स्टेशन ते माथेरान एवढीच धावते.

खाण्याचा प्रश्न नाजूक आहे. वर माकडं वेफरचं पाकीट पाकिटासकट नेतात आणि रिकामं झाल्यावर दरीत टाकतात. कचरा माकडाचा असला तरी पाकीट तुमचं, हे लक्षात असू द्या. म्हणून डबा न्यावा. याबाबत मी आमच्या मावशींचा सल्ला घेतला. साठ वर्षांपूर्वी त्या नौपाड्यातून कोकणात जायच्या तेव्हा दशम्या धुतलेल्या पंचात, पाणी फिरकीच्या तांब्यात, लोणचं केळीच्या पानात. परतताना पंचाने तोंड पुसायच्या, पान वाटेत गाईला.

“मावशी, तुम्ही झीरो वेस्ट ट्रॅव्हल करत होतात,” मी भारावून म्हणालो.

“छे रे. वाटेत पैसे कोण घालवणार?”

त्यांचा तांब्या मागितला तर म्हणाल्या, “तो मोडीत दिला. तुझी आई म्हणाली, आता बाटल्या मिळतात.”

शेवटचा नियम परतीचा. माथेरानहून चिक्की आणावी, दगड-फुलं आणू नयेत. लाल माती मात्र तुम्ही न आणताच येते. बुटांतून, मोज्यांतून, विजारीच्या दुमडींतून ती थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचते. आमच्या घरी ती काढायला त्या रात्री चार बादल्या पाणी लागलं. बांबूचा ब्रश बुटांसाठी छान चालला.