साडूभाऊंचा तिसरा गिअर

लोक भेटल्यावर तब्येत विचारतात. आमचे साडूभाऊ गाडीची विचारतात, आणि तीही इंजिनाची नव्हे. "रिव्हर्स पडताना करकरतो का हो?" हा त्यांचा नमस्कार. उत्तराची वाट न बघता ते गाडीत शेजारी बसतात, न्यूट्रलमधला दांडा डोळे मिटून डावी-उजवीकडे हलवतात आणि सुस्कारा टाकून निकाल देतात, "बुश गेलंय." माझ्या गाडीचं बुश कित्येक वर्षं जातंच आहे. गाडीही रोज ऑफिसला जातेच आहे.

साडूभाऊ कोल्हापूरचे. दिवसा विम्याचं काम, संध्याकाळी एस्टीम. 1994 साली आलेली ही तेराशे सीसीची मारुती हौशी रेसवाल्यांच्या गळ्यातला ताईत होती, कारण अंगाने हलकी आणि खिशालाही. साडूभाऊंच्या एस्टीममधून मागची सीट, गालिचा, एसी, सगळं गेलंय. आत लोखंडी पिंजरा आणि एकच खुर्ची. त्यामुळे या गाडीतून बायकोला महालक्ष्मीला नेता येत नाही, पण तशी ती कुणालाच कुठे नेत नाही. गाडी बहुतेक काळ घोड्यांवर आणि गिअरबॉक्स बहुतेक काळ गाडीबाहेर असतो.

सगळं दुखणं तिसऱ्या गिअरचं. लग्नपत्रिकेची मागची कोरी बाजू दिसली की साडूभाऊंच्या खिशातून पेन्सिल निघते. "हे बघा. दुसरा 1.9, तिसरा 1.3. साडेसहा हजारांवर दुसरा सोडला की इंजिन कुठं येऊन पडतं? साडेचार हजारांच्याही खाली! तिथं ताकद आहे का? नाही. म्हणजे तिसरा जवळ पाहिजे." मी म्हणतो, बरोबर. त्यांना तेवढ्याने समाधान नसतं. तिसरा जवळ आणला की चौथा लांब पडतो. चौथाही ओढून घेतला की पाचवा पोरका होतो. सगळेच जवळ घेतले तर सरळ पट्ट्यावर गाडी शेवटच्या गिअरमध्ये किंचाळत राहते आणि मागचा हसत पुढे जातो. वर जागेचा प्रश्न असतोच. कोइमतूरचा करी स्पीडवे 2.1 किलोमीटरचा, वळणावळणाचा. तिथे आखूड गिअर गोड लागतात. श्रीपेरुंबुदुरजवळचा चेन्नईवाल्यांचा ट्रॅक 3.7 किलोमीटरचा; तिथे त्याच गिअरांचा दम निघतो. दोन्हीकडे चालेल असा बॉक्स साडूभाऊ गेली अनेक वर्षं पत्रिकांच्या पाठीवर बांधताहेत. आमच्याकडच्या कितीतरी लग्नांच्या तारखा त्या हिशेबाखाली गाडल्या गेल्या आहेत.

कागदावरचा बॉक्स लोखंडात उतरवण्यासाठी उद्यमनगरातले मिस्त्री आहेत. या माणसाबद्दल साडूभाऊंना जो आदर आहे तो सासऱ्यांना कधी मिळाला नाही. मिस्त्री बोलतात कमी. खोललेल्या बॉक्समधली पितळी सिंक्रो रिंग अंगठ्याने गिअरच्या कोनावर दाबतात, फिरवतात आणि म्हणतात, "मालक, ही धरतच न्हाई बगा." मग साडूभाऊ फीलर गेज घालून फट मोजतात, पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघतात आणि बऱ्याच वेळाने त्याच निष्कर्षाला येतात. तोवर मिस्त्रींचा चहा झालेला असतो.

ही रिंग काय करते, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. जेवताना साडूभाऊ दोन वाट्या एकात एक घालतात. आतली फिरवतात, बाहेरची हळूहळू दाबत नेतात. घर्षणाने दोघींचा वेग एक झाला की, "आता दात दातात जाणार! बिनआवाज!" वाटीतली आमटी आधीच प्यायची, हा नियम आम्ही अनुभवाने शिकलो.

मेव्हणीचा अनुभव वेगळा. शाफ्टवर बेअरिंग घट्ट बसवायचं तर शाफ्ट गार करायचा आणि बेअरिंग तापवायचं, मग ते ठोकाठोक न करता सरकत जातं. तत्त्व निर्विवाद आहे. पण गार करण्याची सोय उद्यमनगरात नाही, ती मेव्हणीच्या फ्रीजरमध्ये आहे. मटारच्या पिशवीशेजारी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला इनपुट शाफ्ट बघून एकदा पाहुण्या आजींनी भीतभीत विचारलं, "चिकन आहे का गं?" मेव्हणी थंडपणे म्हणाली, "नाही, संसार आहे."

आणि तो डिटेंटचा छर्रा! गिअर जागच्या जागी राहावा म्हणून स्प्रिंगने दाबून धरलेली एक चिमुकली गोळी बॉक्समध्ये असते. झाकण जरा बेसावधपणे उचललं की ती सुटते आणि कपाटाखाली जाते. गौरीच्या जेवणाला आलेली सगळी मंडळी भरजरी कपड्यांत जमिनीवर पालथी पडून ती शोधताना मी पाहिली आहेत. ती सापडेपर्यंत साडूभाऊंनी कुणाला झाडू मारू दिला नाही.

ऑइलच्या बाबतीत मात्र त्यांचा विनोद संपतो. जीएल-5 ऑइलमधली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं पितळेला खातात, म्हणून सिंक्रोच्या बॉक्सला जीएल-4, यावर ते भांडायला उठतात. जुनं ऑइल काढलं की ड्रेन प्लगच्या चुंबकावरचं काळं कीट दोन बोटांत चोळून, वास घेऊन भविष्य सांगतात. लोखंडी पीठ असेल तर ठीक, "तेवढं झिजणारच." ऑइलात सोनेरी कण चमकले की चेहरा पडतो. सोनं दिसल्यावर दुःखी होणारा कोल्हापुरातला हा एकच माणूस असावा.

डॉग बॉक्सचं स्वप्न त्यांना अधूनमधून पडतं. सिंक्रोच नाही, मोजके दणकट दात, दांडा नुसता हाणायचा. सरळ कापलेले गिअर असे गातात की गाडी येण्याआधी आवाज पोचतो. पण किंमत ऐकून ते फेडरेशनच्या नियमावलीकडे वळतात, आपल्या वर्गात तो चालतच नाही हे वाचतात आणि समाधानाने पुस्तक मिटतात.

त्यांचा खरा देव म्हणजे एसटीचा जुना ड्रायव्हर. करूळ घाटात मुद्दाम लाल गाडीने जायचं, ड्रायव्हरच्या मागची सीट धरायची आणि पायांकडे बघत बसायचं. क्लच, न्यूट्रल, क्लच सोडून हलका रेस, पुन्हा क्लच, खालचा गिअर! "पन्नास माणसं आणि कोंबड्या घेऊन डबल क्लच! याला एकदा कोइमतूरला न्यायला पाहिजे." घाटाखालची दरी, धबधबे यांपैकी त्यांनी काहीही पाहिलेलं नाही.

इतक्या तपश्चर्येनंतर वर्षाकाठी एखादी रेस होते. परतल्यावर आम्ही उत्साहाने विचारतो, "कितवे आलात?" या प्रश्नाचा त्यांना मनापासून राग येतो. "अहो, नंबर काय घेऊन बसलात? शेवटच्या लॅपला दुसऱ्यातून तिसरा असा पडला, असा पडला..." हवेत मनगट हलतं, चेहऱ्यावर तृप्ती. मागून किती जण पुढे गेले हे चिरंजीव आईच्या कानात सांगतात. मला विचाराल तर पहिला आलेला माणूस घरी येऊन इतका खूश होत नसेल.

ही तृप्ती आठवडाभर टिकते. परवा जेवताना ते वाटीशी चाळा करत म्हणाले, "या सीझनला बॉक्स उघडायचा नाही. शपथ. तिसरा आहे तसा राहू दे. फक्त फायनल ड्राइव्ह बदलू, क्राऊन-पिनियन. किरकोळ काम आहे."

मी निश्चिंत झालो. पण पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत क्राऊन गिअरबॉक्सच्याच पोटात बसतो आणि पिनियन आउटपुट शाफ्टवर असतो. म्हणजे अख्खा बॉक्स उतरवून दोन भाग केल्याशिवाय त्याचं तोंडही दिसत नाही. हे मला माहीत नव्हतं. मेव्हणीला होतं. तिने पोळी वाढता वाढता विचारलं, "फ्रीजर कधी रिकामा करून देऊ?"