खडीचा हिशोब

फिशटँक घ्यायचा ठरला की मासे कोणते आणायचे यावर घरात आठवडाभर खल चालतो. खडी किती, हा प्रश्न मात्र निघतो दुकानात, पाकीट उघडताना. तोही दुकानदारच मिटवतो, ''टाका की साहेब दोन पिशव्या!'' अंदाजपंचे दाहोदरसे.

तसा हिशोब पाचवीतल्या पोराला जमेल असा आहे. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, म्हणजे साधारण ६० बाय ३० सेंटिमीटर. दोन इंचांचा थर हवा, तर झाली ९ लिटर खडी. लिटरला दीड किलो धरा, साडेतेरा किलो. हा आकडा ऐकून घरातली जबाबदार मंडळी टेबलाच्या पायांकडे बघू लागतात. बघावंच, पाणी अजून यायचंय.

एवढी खडी माशांनी मागितलेली नसते. तिथले खरे भाडेकरू डोळ्यांना दिसत नाहीत. खड्यांच्या अंगावर बिऱ्हाड केलेले जिवाणू माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग त्याहून बरंच निरुपद्रवी नायट्रेट. थर फारच पातळ असला तर वनस्पती मुळासकट वर तरंगतात. फार जाड झाला तर तळाशी प्राणवायू पोचत नाही आणि हायड्रोजन सल्फाइड साचतो. त्याला वास सडक्या अंड्याचा. शाकाहारी घरात तो सुटला की पहिला संशय शेजाऱ्यांवर!

रंगाबद्दल मी बोलणार नाही. निळी खडी हट्टानं घेणारी मुलं सगळ्यांच्याच घरी असतात. पांढरी मात्र पारखून घ्यावी. व्हिनेगरचे दोन थेंब टाकल्यावर फेस आला तर तीत चुनखडी आहे. पाणी हळूहळू जड होणार. मग पसंत केलेली खडी तांदळासारखी धुवायची, फक्त इथे पाचव्या पाण्यालाही गढूळपणा हटत नाही.

जाणकार सांगतात, मागे तीन इंच, पुढे एक, असा उतार द्यावा. टाकीला खोली आल्यासारखी वाटते. हे गोल्डफिशला कोणी सांगितलेलं नसतं. तो तोंडभर खडे घेतो, चघळतो, पसंत नाही म्हणून थुंकतो आणि दोन बोटं पुढे सरकून पुन्हा तेच. चार दिवसांत मागचा डोंगर पुढे आणि तळाची काच उघडी. तेव्हा गोल्डफिशवाल्यांनी इंचांच्या भानगडीत पडू नये. किलो तेवढे मोजून आणावेत, मांडणीचं तो बघून घेतो.