खिशातला ब्राउझर आणि घरमालकाचा दाखला

हे गृहस्थ तुमच्याही ओळखीचे आहेत. स्टुटगार्टात असतील, नाहीतर म्युनिकमध्ये. जेवायला येताना श्रीखंडाचा डबा वहिनींच्या हातात आणि यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा. जुडग्याला पेनड्राइव्ह, पेनड्राइव्हात अख्खा ब्राउझर. पोर्टेबल! इन्स्टॉल करायला नको, मागे खूण उरायला नको, क्लाउडबिउडवर तर यांचा विश्वासच नाही. जर्मनीत दहा वर्षं काढली म्हणून भाषा येते असं नाही, पण 'डाटनशुट्झ' हा शब्द उचकीसारखा येतो. आपली माहिती कुणाच्या हाती लागू नये, म्हणून हे ती दिसेल त्याच्या लॅपटॉपात खुपसतात.

परवा आमच्या लॅपटॉपात खुपसली. निमित्त गणपतीच्या वर्गणीचं. "आत्ता पाठवतो, दोन मिनिटं." ब्राउझर उघडला, बुकमार्क सगळे जागच्या जागी, पासवर्ड एकही नाही. "घरी चालतं हो!" मग मुलीचा लॅपटॉप. तिथंही नाही. "घरी चालतं!" वरण गार झालं.

घरी चालतं, कारण ते घरीच चालणार असतं. यांचा ब्राउझर क्रोमियमच्या घराण्यातला. त्यात पासवर्डांच्या कुलपाची किल्ली पेनड्राइव्हवरच असते, पण त्या किल्लीलाही विंडोजने आपलं कुलूप घातलेलं असतं, आणि ते उघडतं फक्त त्याच कॉम्प्युटरवर, त्याच खात्यात. फायरफॉक्स आपली किल्ली आपल्याच गाठोड्यात बांधून फिरतो, असं मी सुचवून पाहिलं. आडनाव बदलायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण हा न्याय आम्ही रोज भोगतो. इथं घर बदललं की दोन आठवड्यांत 'आनमेल्डुंग' करायचं, म्हणजे आपण इथं राहतो हे सरकारदरबारी सांगायचं. २०१५ च्या नोव्हेंबरपासून त्याला घरमालकाचा दाखलाही लागतो. त्या दाखल्याचं नाव 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. ते म्हणायला शिकेपर्यंत पहिला आठवडा सरतो. बिचाऱ्या ब्राउझरलाही असा एक दाखला द्यावा: 'सदर ब्राउझर बुकमार्कांच्या कुटुंबासह दिनांक अमुकपासून माझ्या जी ड्राइव्हवर राहावयास आला आहे, भांडीकुंडी नाहीत, रविवारी भिंतीला भोकं पाडणार नाही. सही, लॅपटॉपमालक.' पण मालक सही करायला जागेवर हवा ना! आमचा होता मायोर्काला, उन्हं खात. दाखला नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून पुढचा कागद नाही, आणि पुढच्या कागदाशिवाय त्यापुढच्या खिडकीतल्या बाई मान वर करत नाहीत. आपण समोर उभे असतो, हातात पासपोर्ट असतो, पासपोर्टातला चेहरा आपल्यासारखाच दमलेला असतो, तरी आपण तिथं नसतो! पत्र येतं तेही माणसाच्या नव्हे, पत्रपेटीच्या भरवशावर. पेटीवर नाव नसेल तर पत्र आलं तसं परत. दारात आपली चप्पल आहे, खिडकीतून फोडणीचा वास येतोय, शेजारच्या आजी त्या वासाबद्दल तक्रार करताहेत, पण पोस्टाच्या लेखी आत कुणी राहत नाही. अकरा वर्षं कर भरतोय मी! तो कापताना बरा कुणी दाखला मागत नाही!

असो. वहिनींनी पर्समधून छोटी डायरी काढली. यांचे सगळे पासवर्ड तिच्यात, निळ्या शाईत, २०१६ पासूनचे. त्या एकेक अक्षर सांगू लागल्या, हे न बघता टाइप करू लागले. यांच्या घरचा लॅपटॉप पुण्याहून आणलेला, आमचा जर्मन. त्याच्या कीबोर्डवर वाय आणि झेड यांनी जागांची अदलाबदल केलेली. पासवर्डात दोन्ही अक्षरं होती आणि पडद्यावर नुसते ठिपके. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. तिसऱ्यांदा बँकेनं खातं बंद केलं आणि अदबीनं कळवलं की नवा कोड पोस्टानं पाठवला जाईल.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"चार-पाच," ते म्हणाले.

"पण आपण मागच्याच महिन्यात घर बदललं ना," वहिनी म्हणाल्या. "नव्या पेटीवर नाव लावलंत का?"

यंदाच्या वर्गणीच्या यादीत त्यांच्या नावापुढे मी तूर्त एक ठिपका काढून ठेवला आहे.