अक्षता पडायच्या आधी

“काय गं, तू कोल्हापूरची ना?”

भिंतीपलीकडून आक्कांनी हाक मारली तेव्हा मी कुरडया उलटवत होते. माझं माहेर कोल्हापूरचं, हे आक्कांना गेली बावीस वर्षं ठाऊक आहे. तरी हा प्रश्न त्या दोनच वेळा विचारतात, तांबड्या रश्शाचं काही विचारायचं असलं की, नाहीतर भांडायचं असलं की. आज पदर कमरेला खोचलेला होता.

“तुमच्यातच ते फूटबॉलचं याड. मग सांग मला, पोरगं सगळ्यांच्या म्होरं पळालं तर त्यात त्याचा गुन्हा काय?”

प्रकरण कालचं. उन्हाळी शिबिराची शेवटची मॅच हायवेच्या कडेच्या मैदानावर झाली. तिथं सोलापूरकडं निघालेल्या ट्रकचा हॉर्न कुठला आणि पंचाची शिट्टी कुठली, हे पोरांना निम्म्या वेळा कळतच नाही. आक्कांच्या नातवानं गोल मारला, गावानं शिट्ट्या फुंकल्या, तात्यांनी टोपी उडवली, आणि पंचानं गोल रद्द केला. ऑफसाइड! मी नेमकी कुर्डुवाडीला बारशाला गेले होते. नाहीतर हे सगळं डोळ्यांनी पाहिलं असतं.

“बाजूनं बॉल आला, ह्यानं घेतला, हाणला. आता कबड्डीत चढाई करणारा म्होरं जात न्हाई व्हय?”

“आक्का, तो कुठं उभा होता ते आधी सांगा.”

“गोलापाशी. गोल मारायचा तर काय उजनीच्या धरणावर उभं ऱ्हायाचं?”

आता आली का पंचाईत! टेंभुर्णीत कबड्डी, खो-खो आणि कुस्ती लहान पोरालाही समजते. फुटबॉल म्हटलं की सगळे मोबाइल पाहून शहाणे. कोल्हापुरात आम्ही शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरच वाढलो. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की आमच्या घरात सख्खे भाऊ दोन दिवस एकमेकांशी बोलत नसत. ऑफसाइड मला कुणी शिकवला नाही, तो शिव्यांमधून कळत गेला. शिव्या सोडून सांगायचा म्हणजे अवघड.

मी भिंतीवर लिंबू ठेवलं. हा बॉल. दोन वाट्या समोरच्या टीमच्या, त्यातली मागची गोलकीपर. आणि सांडगा म्हणजे तुमचा नातू.

“आपल्या गड्यानं बॉलला पाय लावला त्या क्षणी सांडगा कुठं आहे, एवढंच बघायचं. तो समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात असला, बॉलच्याही पुढं असला, आणि त्याच्या नि गोलरेषेच्या मध्ये फक्त गोलकीपर उरला असला, तर तो ऑफसाइडला उभा आहे. दुसऱ्या वाटीच्या बरोबरीत असला तर चालतं. हात धरत नाहीत. डोकं, धड आणि पाय बघायचे.”

“आन् गोलकीपरच म्होरं आला असंल तर?”

आक्कांचं डोकं चालतं. “तर दुसरे दोघे मोजायचे. शेवटून दुसरा गडी कोण, तेवढंच बघायचं.”

“पर बॉल त्याच्यापाशी आला तवा तर तो एकटाच दिसणार की!”

“तिथंच सगळं गाव चुकतं. बॉल पोचला तेव्हाचं नाही, मारला तेव्हाचं बघायचं.”

बाजेवरून तात्या खेकसले, “नोबॉलवानी! पाय टेकला तवाचं धरत्यात. मागनं घसरत फुडं गेला तर चालतंय.”

आक्कांना क्रिकेटचं वावडं. त्या लिंबाकडे बघत बसल्या आणि एकदम म्हणाल्या, “म्हंजी अक्षता पडायच्या आत पंगतीला बसायचं न्हाई!”

माझ्या हातातली कुरडई मोडली. इतक्या वर्षांत कोल्हापुरातल्या एकाही शहाण्याला हे सुचलं नव्हतं.

“अगदी तसंच! अक्षता पडल्या की मग कितीही जोरात पळा, पहिलं पान पकडा.”

“आन् नुस्तं मंडपात हिंडलं तर?”

“हिंडा की. ऑफसाइडला उभं राहणं हा गुन्हाच नाही. बॉलला हात घातला, म्हणजे पाय घातला, गोलकीपरच्या डोळ्यांपुढं आडवं आलं, तर शिट्टी. आपल्या अर्ध्या मैदानात असलं तर प्रश्नच नाही.”

“आपल्या घरी कवाबी जेवावं,” आक्का म्हणाल्या. त्यांना आता रंग चढला होता.

मग मीही वाहवत गेले. 1863 साली इंग्लंडात बॉलच्या पुढं असलेला प्रत्येक गडी ऑफसाइड धरायचे, 1866 साली पुढं तीन गडी असले तर चालू लागलं, 1925 मध्ये तिनाचे दोन झाले आणि गोलांचा पाऊस पडला, बरोबरीत असलेल्याला माफी मिळाली ती 1990 साली, हे सगळं सांगून टाकलं. आक्कांनी जांभई दिली. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपात भारताकडून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, हे मी सांगितल्याशिवाय राहत नाही, तेही सांगितलं.

“पर एवढ्याशा पोरांना हे कशापायी?”

हे मात्र मलाही पटतं. अमेरिकेत जाऊबाईंचा नातू खेळतो. तिथं अगदी बारकी पोरं चार-चार जण खेळतात, त्यांना ऑफसाइड नाहीच. नऊ-दहा वर्षांची सात-सात खेळतात, त्यांच्यासाठी मधली रेषा आणि पेनल्टीची चौकट यांच्या बरोबर मध्ये एक जादा रेषा आखतात, तिच्या पलीकडंच ऑफसाइड. आपल्याकडं चुन्याची एक फक्की जास्त मारायला कुणाचं काय जातं? शिवाय आपला पंच एकटा. बॉल मारणाऱ्याचा पाय इकडं, वाटी तिकडं, दोन्हीकडं एकदम बघायला त्याला कानाशी डोळे हवेत.

“बिचारा,” आक्का म्हणाल्या. “त्याला उगा बोलले मी. काय काय बोलले गं बाई!”

“अजून एक राहिलं. गोलकिक, कॉर्नर आणि थ्रो, या तिन्हींवरून बॉल थेट आला तर ऑफसाइड नसतो.”

“म्हंजी तवा अक्षताच न्हाईत.”

“नाहीत. सरळ पानावर बसायचं.”

आक्कांनी लिंबू उचलून ओट्यात टाकलं, नातवाला हाक मारली आणि पंचाची माफी कशी मागायची ते त्याला शिकवू लागल्या. पोरगं गप्प उभं.

“ऐकलंस का? अक्षता पडायच्या आधी पळालास तू.”

“आज्जे, पण थ्रो होता.”

“काय?”

“थ्रोच होता. रेषेबाहेरनं हातानं टाकला त्यानं. मी सांगत होतो, कुणी ऐकलंच नाही.”

आक्कांनी माझ्याकडं पाहिलं. मी वाट्यांकडं पाहिलं. तात्या बाजेवर उठून बसले. नुकताच सोडलेला पदर आक्कांनी परत कमरेला खोचला.

“कुठं ऱ्हातो गं त्यो पंच?”